वाऱ्यावरचा वणवा: डोंगर विझवायला जाणाऱ्यांसाठी

पाणंद | २ मार्च, रात्री ९.१५

फेब्रुवारी सरला. आमच्या सातारा जिल्ह्यात डोंगर पार पिवळे पडलेत, चालताना कुसळं कपड्यात रुततात, आणि रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सोंडेवर धुराची रेघ दिसते. पुढचे तीन महिने हेच चालणार. हा धागा त्यांच्यासाठी आहे, जे धूर दिसला की हातातलं काम टाकून डोंगराकडे पळतात. मीही त्यातलाच. गेल्या वर्षी माझ्या चुकीमुळे एका पोराचा हात आणि पोटरी भाजली. ते नीट सांगितल्याशिवाय पुढचं काही लिहिणार नाही.

दुपारी साडेतीनला गावावरच्या डोंगरात धूर दिसला. वारा उत्तरेचा होता, त्यामुळे आग उतारावरून दक्षिणेकडे धावत होती. आम्ही चौदा जण वर पोहोचलो तोपर्यंत तिची चांगली अर्धा किलोमीटर लांब पट्टी झाली होती. आमच्याकडची जुनी माणसं वणव्याला तोंड, कुशी आणि शेपूट म्हणतात. वारा ज्या दिशेला ढकलतो ते तोंड, मागे राहतं ते शेपूट, दोन्ही बाजूंना लांब पसरतात त्या कुशी. तोंड दक्षिणेला होतं, खूप लांब. आमच्या बाजूला होती पूर्वेची कूस. तिथे ज्वाळा जेमतेम गुडघ्याएवढ्या होत्या, वारा समांतर वाहत होता, आग आमच्याकडे सरकतच नव्हती म्हणाना.

मी ठरवलं, कुशीपासून वीस-पंचवीस पावलं अलीकडे उभं राहून विळ्याने पट्टा कापू. आग पट्ट्यापर्यंत येईल आणि विझेल. धग लागत नव्हती, धूर पलीकडे जात होता, काम सुखाचं वाटत होतं. कॉलेजची दोन पोरं माझ्याबरोबर होती. अण्णा, म्हणजे आमच्या गावातले जुने वनमजूर, शेपटाकडून जळालेल्या जमिनीवरून चालत झोडपत येत होते. त्यांनी दोनदा हाक मारली, "अरे, तिकडून नको, काळ्यातून या." मला वाटलं, म्हाताऱ्याला पट्टा दिसत नसेल.

पावणेसहाच्या सुमाराला वारा पडला. अगदी मिनिटभर. गवताचं पातं हलेना. मग मानेवर थंड झुळूक आल्यासारखं वाटलं आणि पश्चिमेचा वारा सुटला. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी समुद्राकडून घाट चढून येतो तोच. रोज त्या वाऱ्याला आम्ही अंगणात बसतो. त्या दिवशी मात्र अर्धा किलोमीटर लांबीची ती सगळी कूस एका दमात उठली आणि तिचं तोंड झालं. गुडघ्याएवढ्या ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या. आमच्यात आणि तिच्यात होतं वीस पावलं वाळलेलं गवत.

अण्णा पलीकडून ओरडत होते, "काळ्यात शिरा! काळ्यात शिरा!" डावीकडे एक उघडा कातळ होता, तिथे गवत विरळ, ज्वाळा खुज्या. मी आणि एक पोरगा तोंडावर हात धरून त्या जागेतून आत घुसलो. तीन-चार ढांगा, बास. पलीकडे राख होती, पायाखाली चटका होता, पण पेटायला काही उरलं नव्हतं. दुसरा पोरगा मात्र घाबरून उलट, गावाच्या दिशेने पळाला. आग त्याच्या मागे. नशिबाने पन्नास-साठ पावलांवर नांगरून ठेवलेलं एक वावर होतं, तिथे तो पडला. हात आणि पोटरी भाजली होती. आज तो बरा आहे, पण हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत.

त्यानंतर वर्षभर मी अण्णांच्या मागे मागे फिरलो, मिळेल ते वाचलं, वनखात्याच्या माणसांना विचारलं. जे कळलं त्याचा गाभा असा. वणवा आत्ता कुठे जातोय हे बघून पुरत नाही, वारा फिरला तर तो कुठे जाईल हे बघून उभं राहायचं. आणि उभं राहायची जागा काळ्यात, म्हणजे जळून गेलेल्या जमिनीवर. निदान एक पाय तरी काळ्यात हवाच.

गवताचं आगीशी नातं झाडोऱ्यापेक्षा वेगळं असतं. जाड ओंडका वाळायला महिने लागतात, गवताची काडी तासाभरात हवेतल्या दमटपणाशी जुळवून घेते. म्हणून सकाळी दव असताना काडी लावली तरी धड न पेटणारं गवत दुपारी दोनला भडकतं. उघड्या माळावर वाऱ्यासोबत गवताची आग ताशी २५ किलोमीटरपर्यंत धावू शकते. चढावर, गवतात, धुरात इतक्या वेगाने कोणी पळू शकत नाही. पण याच गवताची दुसरी बाजू अशी की एका जागी ते काही सेकंदांतच जळून संपतं. भिंत भयंकर दिसते, पण पातळ असते, आणि तिच्या मागे सुरक्षित जागा तयार होत जाते. अण्णांना हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यांना ते माहीत होतं.

उताराचंही तसंच. ढोबळ हिशेब असा सांगतात की चढ दर १० अंशांनी वाढला की वर जाणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो. वारा काय किंवा चढ काय, दोन्हींमुळे ज्वाळा पुढच्या गवतावर वाकते आणि ते पेटण्याआधीच तापवून ठेवते. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला थांबून तिची वाट बघायची नाही. आणि घळ तर कधीच नाही. खाली आग आणि वर घळ म्हणजे चुलीचं धुराडं.

आम्ही आता असं करतो. शेपटाकडून सुरुवात, शक्यतो रस्ता, कातळ किंवा नांगरट अशा जागेला धरून, म्हणजे आग मागून वळसा घालून येणार नाही. मग काळ्यातून चालत कुशी विझवत तोंडाकडे सरकायचं. ज्वाळा कमरेपर्यंत असेल तर फांदीने, गोणपाटाने विझते. छातीवर गेली की हाताने विझत नाही, मागे हटायचं आणि ती पुढे कातळावर किंवा डांबरी रस्त्यावर खुजी होईल तेव्हा गाठायची. फांदी निरगुडीची किंवा कुठलीही हिरवी, पानं दाट असलेली. ती डोक्यावरून उचलून आपटायची नाही, ठिणग्या उडतात आणि आगीलाच वारा मिळतो. दाबायची आणि काळ्याकडे ओढायची.

एक माणूस काहीही न करता उंचावर उभा. त्याचं काम फक्त वारा, आग आणि आपली माणसं बघणं. आमच्यात सुरुवातीला सगळ्यांना हे काम नकोसं वाटायचं, कारण सगळे झोडपत असताना उभं राहणं लाजिरवाणं वाटतं. आता अण्णा ते करतात. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते, आणि साडेपाच वाजले की ते सगळ्यांना काळ्यात घेतात, वारा फिरो न फिरो.

तुमच्याकडे काय करता, लिहा.


सोंडेवरचा | २ मार्च, रात्री १०.०२

वाचताना हात गार पडले. आम्ही मावळात दरवर्षी जातो आणि नेमकं तुम्ही केलंत तेच करतो, कुशीपासून अंतर ठेवून पट्टा कापतो. आजवर काही झालं नाही म्हणून ते बरोबर वाटत होतं.

एक विचारायचं आहे. आमच्याकडे काही जण समोरून जाळ लावतात. आग येण्याआधी पुढचं गवत पेटवून द्यायचं, दोन्ही आगी भिडल्या की संपलं. बघायला फार प्रभावी वाटतं. ते करावं का?


जुना गार्ड | २ मार्च, रात्री ११.२०

मी वनखात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच घाटमाथ्यावर. सोंडेवरचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गावकऱ्यांनी आपल्या मनाने समोरून जाळ लावू नये. आगीला आग भिडवणं चालतं, पण त्यासाठी तुमच्या पाठीशी पक्की रेषा हवी. रस्ता, ओढा, नाहीतर आधी तयार असलेली जाळरेषा, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. त्या रेषेला चिकटून लावायचं, म्हणजे ती आग मुख्य वणव्याकडे वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते. मोठा वणवा जवळ आला की तो स्वतःकडे हवा ओढतो आणि मग दोन्ही भिडतात. मध्येच माळावर उभं राहून काडी लावली तर तुम्ही वाऱ्याला दुसरा वणवा देता. आणि त्या पट्ट्यात तुमचंच माणूस असलं तर? मी एकदा अशा दोन आगींच्या मध्ये सापडलेला गुराखी बाहेर काढला आहे. वाचला, पण त्याच्या दोन म्हशी गेल्या. हे काम जबाबदार वनाधिकारी जागेवर असेल, सगळी माणसं मोजून झाली असतील, तेव्हाच.

पाणंद यांनी मार्चपासून सुरुवात केली, पण खरी लढाई डिसेंबर-जानेवारीत असते. जाळरेषा तेव्हाच काढतात. पट्ट्याच्या दोन्ही कडांचं गवत आधी विळ्याने कापून घ्यायचं आणि मधलं गवत सकाळी, आजूबाजूला अजून ओल असताना, माणसं दोन्ही बाजूंना उभी करून जाळून टाकायचं. मार्चमध्ये वणवा येतो तेव्हा त्याला तिथे खायला काही मिळत नाही. जोराच्या वाऱ्यात ठिणगी पट्टा ओलांडते, हेही खरं. म्हणून रेषा म्हणजे भिंत असं समजू नका. रेषा म्हणजे जिथे उभं राहून लढता येतं अशी जागा. माणूस नसलेली जाळरेषा वाऱ्यात टिकत नाही.

आता ब्लोअर आले आहेत, बागेतली पानं उडवायचं यंत्र. मेळघाटात आणि विदर्भातल्या इतर जंगलांत त्यांचा चांगला उपयोग होतो. पालापाचोळ्यात मिनिटभरात रेषा साफ होते. कमी उंचीच्या गवताच्या आगीवरही चालतात, पण वाऱ्याचा झोत ज्वाळेच्या बुडाशी आणि काळ्याच्या दिशेने हवा. दिशा चुकली तर तुम्ही भाता मारताय. एक ब्लोअरवाला, त्याच्या मागे दोन फांदीवाले, सगळ्यात मागे पाठीवरचा फवारणी पंप. शेतकऱ्याचा १६ लिटरचा पंप आग विझवू शकत नाही, पण विझवलेली जागा थंड करायला त्याच्यासारखं साधन नाही.

आणि विझवणं संपलं असं वाटतं तेव्हा ते निम्मं झालेलं असतं. चराईच्या डोंगरावर वाळलेलं शेण पडलेलं असतं. ते धुमसत राहतं, रात्रभर, कधी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. वाळलेले बुंधे, घायपाताचे गड्डे, तसंच. उतारावर धुमसता गड्डा सुटून गडगडत खालच्या गवतात गेला की नवा वणवा. कडेपासून आत पाच-दहा पावलांतलं प्रत्येक शेण उलटून बघा, हाताची पाठ जवळ नेऊन धग तपासा, आणि कडेचे गडगडणारे ओंडके आडवे लावून ठेवा.

आधी फोन करायचा तो वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर. फोन करून मगच डोंगर चढा.


मेलबर्नकर | ३ मार्च, पहाटे ४.३५

पाणंद, तुमचा उत्तरेचा वारा आणि मग पश्चिमेचा वारा वाचून मी उठून बसलो. मी ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात राहतो आणि गेली सहा वर्षं इथल्या ग्रामीण अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे. आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात जे शिकवलं, ते तुमच्या डोंगरावर जसंच्या तसं घडलं.

इथे उन्हाळ्यातल्या वाईट दिवशी वाळवंटाकडून उत्तरेचा तापलेला वारा येतो. आग दक्षिणेकडे लांब, अरुंद पट्टी करत धावते. मग संध्याकाळी नैऋत्येचा थंड वारा येतो. लोकांना हायसं वाटतं, कारण उकाडा जातो. आणि त्याच क्षणी त्या पट्टीची पूर्वेकडची सगळी लांब बाजू तोंड होते. ७ फेब्रुवारी २००९ च्या शनिवारी हेच झालं. त्या दिवसाच्या आगींत १७३ माणसं गेली. वारा बदलणार हे हवामान खात्याने आधीच सांगितलं होतं, तरीही.

त्याआधी, डिसेंबर १९९८ मध्ये लिंटन नावाच्या गावाजवळ आमच्याच दलाचे ५ स्वयंसेवक एका गाडीत आगीत सापडून मेले. ते तोंडासमोर नव्हते. बाजूला, न जळालेल्या पट्ट्यात होते, आणि वारा फिरला. आग आणि तुम्ही यांच्यामधल्या, किंवा आग पोहोचू शकेल अशा न जळालेल्या पट्ट्याला इथे मृत माणसाचा पट्टा म्हणतात. तुमची वीस पावलं तीच होती. लिंटननंतर नियम झाला की गाडीतलं सगळं पाणी आगीवर कधीच संपवायचं नाही, स्वतःला वाचवण्यापुरतं नेहमी शिल्लक ठेवायचं.

अण्णांचं साडेपाच वाजताचं शिट्टी मारणं मला फार पटलं. इथे आम्हाला रेडिओवर वाराबदलाची अपेक्षित वेळ सांगतात आणि गटप्रमुख ती परत म्हणून दाखवतो, ऐकली याची खात्री म्हणून. तुमच्याकडे समुद्राचा वारा तर रोजचा आहे. तो कितीला येतो हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याचा उपयोग करा.


माळकरीण | ३ मार्च, सकाळी ८.१०

सगळं खरं, पण वणवा लावतं कोण यावरही बोलायला हवं. माझ्या माहेरी तीन पिढ्या गुरं राखणारी. धूर दिसला की पहिलं बोट आमच्याकडे. माझ्या वडिलांनी आयुष्यात डोंगर पेटवला नाही, कारण फेब्रुवारीत डोंगर जळाला की पाऊस पडेपर्यंत गुरांना घालायचं काय? तरी पंचनाम्याला पहिलं त्यांनाच बोलावलं जायचं.

जळाल्यावर गवत जोमात येतं ही समजूत आहे, नाकारत नाही. हिरवे कोंब दिसतात म्हणून लोकांना ते खरं वाटतं. पण आमची आजी सांगायची की जो डोंगर दरवर्षी जळतो तिथे चांगलं गवत हटतं आणि कुसळी माजते. कुसळी आगीला पुरून उरते, तिचं बी पिळा घालत जमिनीत रुततं, वरून आग गेली तरी वाचतं. आणि कुसळ आलेली कुसळी गुरांच्या तोंडात टोचते, गुरं तोंड लावत नाहीत. बाकी कारणं सगळ्यांना माहीत आहेत. बांध पेटवून सोडून देणं, भातासाठी राब भाजताना, म्हणजे रोपं करायची जमीन पालापाचोळा पसरून जाळताना, लक्ष न ठेवणं, शिकार, बिडीचं थोटूक, आणि आता डोंगरावर चूल मांडून निघून जाणारे लोक.

राब भाजू नका असं मी म्हणणार नाही. आमच्या सासरी अजून भाजतात. पण सकाळी भाजतात, वारा पडलेला असताना, कडेने आधी हात-दोन हात माती उघडी करून, आणि पाण्याचा हंडा जवळ ठेवून. दुपारी एकला एकटा माणूस राब पेटवतो तेव्हाच डोंगर जातो.


जुना गार्ड | ३ मार्च, सकाळी ९.००

माळकरीण ताई, तुमचं म्हणणं मान्य. आम्ही लोकांनी बऱ्याचदा सोपं बोट दाखवलं. वनकायद्याचं, १९२७ च्या, कलम ७९ असं सांगतं की जंगलात ज्यांना चराईचे किंवा इतर हक्क आहेत त्यांनी आगीची खबर द्यायची आणि ती विझवायला मदत करायची. ते कलम वाचून दाखवण्याची वेळ माझ्यावर क्वचितच आली. गुराखी आमच्याआधी पोहोचलेला असायचा.


डॉ. वैद्यकट्टा | ३ मार्च, दुपारी १.२५

भाजलेल्या पोराबद्दल वाचून दोन शब्द. भाजलेल्या भागावर लगेच वाहतं, साधं गार पाणी २० मिनिटं. बर्फ नाही. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही लावायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका आणि दवाखाना गाठा. धुराने आवाज बसला असेल, नाकातले केस जळाले असतील, थुंकीत काजळी असेल, तर माणूस बोलताचालता असला तरी थांबू नका, घसा आतून सुजतो.

आणि कपडे. नायलॉनची ट्रॅकपँट आणि चकचकीत टीशर्ट घालून कोणीही वर जाऊ नये. ते वितळून कातडीला चिकटतं. जुनी जाड सुती पँट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चामड्याचे बूट. चप्पल तर नकोच.


पाणंद | ३ मार्च, दुपारी २.४०

डॉक्टर, त्या पोराची पँट तीच होती. ट्रॅकपँट. पोटरी त्यामुळेच जास्त भाजली असं आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं. मी वर जाताना त्याच्या पायांकडे बघितलंही नाही.


पठारावरून | ३ मार्च, संध्याकाळी ६.५०

मला विरुद्ध बाजू मांडायची आहे, राग मानू नका. स्वयंसेवकांनी जाऊच नये असं माझं मत आहे. गवत पावसाळ्यात परत येतं. माणूस येत नाही. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणी डोंगरात ट्रेकिंगला गेलेल्या लोकांना वणव्याने गाठलं, २० हून अधिक जीव गेले. ते विझवायलाही गेले नव्हते. ज्यांना प्रशिक्षण नाही, साधन नाही, विमा नाही, अशांना आपण कौतुक करून डोंगरावर पाठवतो. हे थांबलं पाहिजे.


पाणंद | ३ मार्च, रात्री ८.३०

राग कशाला. गेल्या वर्षी त्या पोराची आई दवाखान्याच्या व्हरांड्यात मला हेच म्हणाली होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजही पूर्ण उत्तर नाही. पण दोन गोष्टी सांगतो. गवत परत येतं, तरी डोंगरावर नुसतं गवत नसतं. मार्चमध्ये टिटवीची, चंडोलाची अंडी जमिनीवर असतात. घोयरी सरडा पळू शकत नाही. आम्ही लावलेली तीन वर्षांची सहाशे रोपं एका दुपारी गेली होती. आणि डोंगराच्या पायथ्याला गंज्या, गोठे आणि घरं आहेत. गावाने नाही गेलं तर कोण पोहोचणार? एका वनरक्षकाकडे किती डोंगर असतात हे जुना गार्ड सांगतील.

पण कधी जायचं हे आम्ही बदललंय. भर दुपारी वाऱ्यावरचा वणवा डोंगराच्या मध्यावर असेल तर आता आम्ही वर जात नाही. खाली वस्तीच्या कडेला रेषा धरतो, गुरं सोडतो, गंज्यांभोवती ओल करतो. रात्री दहानंतर हवा दमट होते, वारा पडतो, ज्वाळा वीतभर उरतात. तेव्हा दिवसा चाळीस माणसांना न विझणारी कूस आठ माणसं विझवतात. कडा माहीत नसलेल्या डोंगरावर मात्र रात्री जायचं नाही, आणि जोडीशिवाय नाही. दुपारी डोंगर जळताना खाली बसून बघणं फार कठीण जातं. पोरं चिडतात. तरी बसवून ठेवतो.


बोल्डरची सून | ४ मार्च, सकाळी ९.४५

मी अमेरिकेत कोलोरॅडोत, सुपीरियर गावाजवळ राहते. ३० डिसेंबर २०२१ ला आमच्या इथे गवताला आग लागली. डिसेंबरात! वसंतात भरपूर पाऊस होऊन गवत कमरेएवढं वाढलं होतं, मग सहा महिने जवळपास कोरडे गेले. त्या दिवशी डोंगरावरून खाली येणारा वारा ताशी १६० किलोमीटरच्या वर झटके देत होता. आग विझवणारी विमानं उडू शकली नाहीत. गवताची आग कुंपणांवर आली, कुंपणावरून घरांवर, आणि मग घरांनीच घरं पेटवली. सुपीरियर, लुईव्हिल आणि आजूबाजूची मिळून १,०८४ घरं काही तासांत गेली, दोन माणसं गेली. आमचं घर वाचलं, समोरची ओळ गेली. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि आग विझली. फक्त एक दिवस उशिरा.

जुना गार्ड यांनी शेणाबद्दल लिहिलं म्हणून हे सांगायचं होतं. तपासात आगीच्या दोन सुरुवाती सापडल्या. एक विजेच्या सुटलेल्या तारेजवळची. दुसरी, सहा दिवसांपूर्वी कुणीतरी आपल्या आवारात लाकूड जाळून वर माती लोटली होती, ती. वरून शांत दिसत होती. वाऱ्याने माती उडवली आणि खालचे निखारे उघडे केले. तेव्हापासून मी विझलेल्या शेकोटीत हात घालून बघते.

टेक्सासातही २६ फेब्रुवारी २०२४ ला लागलेली आग आधी पूर्वेकडे धावली, मग उत्तरेचं थंड वारं आलं आणि तिची लांब दक्षिण बाजू तोंड झाली. १० लाख एकरांहून जास्त गवताळ रान गेलं, हजारो गुरं गेली. मेलबर्नकर म्हणतात तेच.


सोंडेवरचा | ४ मार्च, दुपारी १२.१५

समजा काळ्यात जायला वाटच नसेल, ज्वाळांची भिंत उंच असेल, कातळ नसेल, तर? तेव्हा काय?


मेलबर्नकर | ४ मार्च, दुपारी ३.०५

मग तुम्ही आधीच चुकलेले असता, म्हणून वर चढतानाच दोन वाटा ठरवायच्या आणि सगळ्यांना बोटाने दाखवायच्या. तरी विचारलंत म्हणून सांगतो. ५ ऑगस्ट १९४९ ला अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मान गल्चमध्ये, गवताच्या तीव्र उतारावर, आग विझवायला गेलेल्या १६ जणांच्या मागे खालून आग आली. वॅग डॉज नावाच्या त्यांच्या प्रमुखाने पळता पळता थांबून समोरचं गवत काडीने पेटवलं आणि ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथा पडला. त्याने बाकीच्यांना बोलावलं, पण आगीपासून पळणाऱ्याला आग लावणारा माणूस वेडा वाटला असावा. कोणी थांबलं नाही. डॉज वाचला, आणखी दोघं वरच्या खडकांच्या फटीतून निसटले. १३ जण गेले.

त्याने तेव्हा केलं ते म्हणजे स्वतःपुरतं काळं तयार करणं. शेवटचा उपाय आहे, आजूबाजूला आपलं कोणी वरच्या अंगाला असेल तर त्यांना मारणारा उपाय आहे. आणि कडेला नांगरट, ओढ्याची वाळू, गुरांनी पार चरून उघडं केलेलं मैदान, काहीही असेल तर ते आधी. पळायचं तर चढावर नाही, आडवं किंवा खाली, कुशीच्या टोकाकडे. सगळं फसलं तर मोकळ्यात मोकळ्या जागी पालथं, पाय आगीकडे, तोंड जमिनीशी, उघडी कातडी झाकून.


जुना गार्ड | ४ मार्च, सायंकाळी ७.३०

भारतीय वन सर्वेक्षणाकडे नाव नोंदवलं तर तुमच्या भागात उपग्रहाला आग दिसली की मोबाइलवर संदेश येतो. फुकट आहे. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो, त्यामुळे तीनला लागलेली गवताची आग त्याला कळेपर्यंत संपलेलीही असू शकते. देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचा डोळा अजून जास्त कामाचा आहे. त्याला १९२६ पाठ करून द्या.


पाणंद | ११ मार्च, रात्री ११.५०

आत्ताच खाली आलो. हाताला राख आहे, तरी झोपण्याआधी लिहितोय.

दुपारी दोनला शेजारच्या गावाच्या हद्दीतून आग आली. वारा उत्तरेचाच. फोन केला, वनरक्षक आणि त्यांचे तीन मजूर ब्लोअर घेऊन साडेतीनला पोहोचले. वर कोणालाच सोडलं नाही. जानेवारीत काढलेल्या जाळरेषेवर, वस्तीच्या वरच्या अंगाला, बावीस जण उभे केले. दोन पोरांना ट्रॅकपँट बघून घरी पाठवलं, ती कपडे बदलून परत आली.

अण्णा कातळावर होते. साडेपाचला शिट्टी वाजली, रेषेच्या पुढे गेलेले सगळे मागे आले. मोजले, बावीस. वारा सहा वाजून दहा मिनिटांनी फिरला. चाळीस मिनिटं आम्ही नुसते उभे होतो आणि कोणी कुरकुरलं नाही. कूस उठली, रेषेवर आली, एका ठिकाणी ठिणगी ओलांडून गेली. तिथे चार जण होते, त्यांनी दाबली. उजवीकडचा साधारण वीस एकर डोंगर गेला, रोपांचा पट्टा वाचला.

नऊ वाजता काळ्यातून चढलो आणि उरलेली कूस झोडपली. गेल्या वर्षी भाजलेला पोरगा फवारणी पंप घेऊन सगळ्यात मागे होता, प्रत्येक शेण बुटाने उलटत. त्याच्या आईनेच पंप भरून दिला होता.

अजून दोघं वर आहेत. पहाटे चारला मी त्यांच्या जागी जाणार.